५५ इंची टीव्ही, नऊ महिने, भुताचे सिनेमे आणि एक वैतागवाणं सबटायटल

घेतला तेव्हा ४६ हजार मोजले. ५५ इंच, व्हीए पॅनल (काळा जास्त खोल दाखवणारा एलसीडीचा प्रकार), मागे फुल अ‍ॅरे बॅकलाइट (पूर्ण पडद्यामागे एलईडी), ४८ झोन (वेगवेगळे उजळणारे-विझणारे भाग). बाकीची स्पेसिफिकेशन्स सगळीकडे मिळतात, ती इथे पुन्हा उतरवत नाही. ब्रँडचं नावही लिहीत नाही, कारण या किमतीतले तीन-चार ब्रँड आतून भाऊभाऊच आहेत आणि खालचं रडगाणं त्यातल्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. वापर एकच: रात्री दहानंतर, दिवे बंद करून, भयपट.

क्रिकेट आणि बातम्या कुठल्याही टीव्हीवर बऱ्या दिसतात. भयपटाचं तसं नाही. साध्या ८ बिट व्हिडिओत उजेडाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात, त्यात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. अंधाऱ्या माजघराचा सीन यातल्या १६ ते ४० एवढ्यातच उरकतो. म्हणजे भिंत, दार, दारामागचं जे काही असेल ते, सगळं चोवीस पायऱ्यांत. टीव्हीने त्यातल्या खालच्या पाचसहा पायऱ्या गिळल्या की दारामागचं भूतही गेलं.

आता मूळ तक्रार. सबटायटल.

सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चौकटीचा सिनेमा २.३९:१ चा (रुंदी : उंची). ५५ इंची पडद्याची रुंदी १२१.८ सेंटिमीटर, उंची ६८.५. चित्र घेतं ५१ सेंटिमीटर, वर-खाली पावणेनऊ-पावणेनऊ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या उरतात. ४८ झोन म्हणजे आडवे ८, उभे ६. एक झोन साधारण १५ बाय ११ सेंटिमीटरचा. खालच्या पट्टीत "कोण आहे तिथे?" एवढं पांढरं सबटायटल आलं की त्यामागचे तीन-चार झोन पेटतात, आणि जवळपास हातभर लांबीचा पट्टा काळ्याचा राखाडी होतो. झोन पट्टीपेक्षा उंच असल्यामुळे चित्राचा खालचा अडीच-तीन सेंटिमीटरचा काठही उजळतो. सबटायटल गेलं की अर्ध्या सेकंदाने पट्टा विझतो. पुढचं वाक्य आलं की पुन्हा पेटतो. मल्याळम किंवा कोरियन भयपट बघताना हे दोन तास चालतं. गोव्यातल्या गावचा राखणदार देवचार पेटती चूड घेऊन पडद्याखालून येरझाऱ्या घालतोय असं वाटतं. पहिले दोन महिने मी सिनेमा कमी आणि ही पट्टी जास्त बघितली.

त्यावर जे उपाय लागू पडले ते असे. ओटीटी अ‍ॅपमध्ये सबटायटलचा रंग बदलता येतो, पण टीव्हीच्या मेनूत तो बहुधा मिळत नाही. त्याच अकाउंटने ब्राउझरमधून लॉगिन करून प्रोफाइलच्या सबटायटल सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे पांढऱ्याच्या जागी राखाडी निवडायचा, पार्श्वभूमी काढून टाकायची, सावली ठेवायची. राखाडी नसेल तर पिवळा चालतो, पण तो डोळ्यांना खुपतो. पेन ड्राइव्हवरच्या फाइलसाठी कोडी हे अ‍ॅप वापरत असाल तर प्लेअर, मग सबटायटल, तिथे रंग आणि अपारदर्शकता दोन्ही खाली आणा. जागा बदलून अक्षरं चित्रावर घेतली तर पट्टी काळी राहते, पण चित्रातला अंधार बिघडतो. मी ती पट्टीतच ठेवली. लोकल डिमिंग (झोन वेगवेगळे मंद करण्याचं सेटिंग) 'हाय'वरून 'मीडियम'वर आणलं की झोन कमी उसळतात. 'लो'वर काळा जरा फिका पडतो, पण एकसारखा राहतो. एकसारखा फिका काळा डोळा पाच मिनिटांत विसरतो, उघडझाप करणारा विसरत नाही.

हे ओएलईडीत होत नाही, माहीत आहे. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र विझतो. पण त्याच आकाराच्या ओएलईडीला दुप्पट आणि वर पैसे मागतात, आणि ते माझ्या खिशात नाहीत. विषय संपला.

काळ्याबद्दल एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, आणि तिच्यामुळे टीव्हीबद्दलचं मत बरंच सुधारलं. थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्शनचा संदर्भ दर्जा आहे ४८ निट्स (उजेडाचं माप) पांढरा आणि २०००:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या दोन हजार पट. चांगलं व्हीए पॅनल लोकल डिमिंग बंद ठेवूनही ३०००:१ च्या पुढे जातं. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होतो, त्यामुळे गोव्यात चांगलं प्रोजेक्शन बघायची सवय अनेकांना आहे, आणि घरी आल्यावर "थिएटरसारखा काळा नाही" हे ठरलेलं वाक्य असतं. काळ्यात घरचं पॅनल हरत नाही. हरतं ते डेटात. थिएटरच्या डीसीपीला (सिनेमाच्या डिजिटल प्रतीला) सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा आहे, तर ४के स्ट्रीमिंगसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं म्हणतात. ही कपात कॉम्प्रेशन सगळ्यात आधी अंधारात करतं, कारण तिथे कुणी बघत नाही असं त्याने गृहीत धरलेलं असतं. भयपटवाले नेमकं तिथेच बघतात. मग काळ्या आभाळात चौकोन सरकायला लागतात आणि मेणबत्तीभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखी वलयं उठतात.

म्हणून सुरुवातीला "पॅनल भिकार, अंधारात चौकोन दिसतात" असं ठणकावून सांगत फिरलो, ते मागे घेतो. तोच सिनेमा ब्लू-रेवर लावला, जिथे १०८०पीलाही ४० मेगाबिटपर्यंत व्हिडिओ मिळतो, आणि चौकोन गेले. राहिली ती थोडी वलयं, तीही खूप शोधली तर. पावसाळ्यात वायफाय डळमळलं की अ‍ॅप गुपचूप खालच्या दर्जावर येतं. तेव्हा टीव्हीला शिव्या घालण्याआधी लॅन केबल लावून बघा.

काळा गिळण्याची दुसरी तक्रारही टीव्हीची नव्हती. स्ट्रीमिंग स्टिक १६-२३५ पाठवत होती आणि टीव्हीचं एचडीएमआय इनपुट 'फुल'वर (०-२५५) अडकलं होतं. असं झालं की काळा धुरकट दिसतो, मग माणूस ब्राइटनेस कमी करतो आणि सावल्या मरतात. दोन्हीकडे 'लिमिटेड' करा, काही टीव्हींवर त्यालाच 'लो' म्हणतात. मग फुकट मिळणारे एव्हीएस एचडी ७०९ पॅटर्न पेन ड्राइव्हवर घ्या. टीव्ही अर्धा तास चालू ठेवून, खोली पूर्ण अंधारी करून, काळ्याचा पॅटर्न लावा. १७ नंबरची पट्टी जेमतेम दिसली पाहिजे, १६ ची दिसता कामा नये. हे 'ब्राइटनेस'ने करायचं, 'बॅकलाइट'ने नाही. काही कंपन्यांनी या दोघांची नावं उलटीपालटी केली आहेत. जे बटण हलवल्यावर फक्त सावल्या हलतात, पांढरा तसाच राहतो, तेच खरं.

माझं सध्याचं सेटिंग: फिल्ममेकर मोड, गॅमा २.४, वॉर्म २, शार्पनेस शून्य, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद, एसडीआरसाठी (एचडीआर नसलेल्या साध्या चित्रासाठी) बॅकलाइट ३५. उजेडाचा सेन्सरही बंद, कारण पडद्यावर वीज चमकली की तोच उजेड भिंतीवरून सेन्सरवर येतो आणि टीव्ही स्वतःच गोंधळतो. डॉल्बी व्हिजनमध्ये 'डार्क' निवडा. 'ब्राइट' लावला की दिग्दर्शकाने मुद्दाम लपवलेलं बाहेर येतं.

कस बघायचा तर दोन सिनेमे पुरे. 'तुंबाड' (२०१८) पावसाळ्याच्या मंद उजेडात चित्रित केलेला आहे. त्यातल्या ओल्या करड्या रंगांत कॅमेरा सरकला की पॅनलवरचे उभे डाग दिसतात. माझ्याकडे डावीकडे दोन आहेत. 'भ्रमयुगम' (२०२४) पूर्ण कृष्णधवल. त्यात राखाडी निळसर दिसला तर कलर टेम्परेचर चुकलंय, आणि हलत्या मशालीमागे काळी शेपूट राहिली तर तो व्हीएचा स्वभाव. काळ्यातून गडद करड्यात जायला त्याला वेळ लागतो. सेटिंगने ते जात नाही, शोधत बसू नका.

आवाज पत्र्याचा आहे. साउंडबार घ्या.

बसवताना एक. गोव्यातली जुनी भिंत चिऱ्याची. सच्छिद्र जांभ्यात बॉक्समधले ८ मिलिमीटरचे प्लास्टिक प्लग धरत नाहीत. ड्रिल मारताना लाल भुगा भसाभस आला, की भोक मोठं झालंच समजा. एक तर १० मिलिमीटर जाडीचे, १०० मिलिमीटर लांब अँकर घाला, नाहीतर आधी भिंतीवर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय सहा ठिकाणी ठोकून त्यावर ब्रॅकेट लावा. प्लायचा फायदा असा की मागे हवा राहते. जून ते सप्टेंबर चिऱ्याची भिंत ओल धरते, आणि चिकटून लावलेल्या टीव्हीच्या मागचे स्क्रू पहिल्याच पावसात गंजतात.

हा गंजच पुढे नडला. जुलैत वर डावीकडे एक काळपट चौकोन उमटला, काठ पुसट, साधारण १५ बाय ११. सिनेमेच इतके काळे की तो कधी आला ते नक्की सांगता येत नाही. पांढरी जाहिरात लागली तेव्हा कळलं. मापावरूनच निदान होतं: एका झोनचा बॅकलाइट गेला. खात्री करायची असेल तर लोकल डिमिंग बंद करून पूर्ण पांढरं चित्र लावा. डाग राहिला तर एलईडी गेला. मग त्या जागी बॅटरीचा उजेड तिरका मारा. चित्राची रेषा अंधुक का होईना दिसली, तर वरची काच आणि एलसीडी शाबूत आहे.

सर्व्हिसवाला आला, बॅटरी न मारता "पॅनल गेलं" म्हणाला आणि २९ हजारांचा आकडा सांगितला. वॉरंटी आहे म्हटल्यावर मागचा गंजलेला स्क्रू दाखवून "ओलाव्याचं नुकसान, वॉरंटीत बसत नाही". कोकणपट्टीत विकलेल्या टीव्हीचा स्क्रू पावसात गंजतो ही काय बातमी आहे? अशा वेळी वाद घालू नका, जॉबशीटवर कारण लिहून मागा. "ओलाव्यामुळे एलईडी गेला" असं सही करून लिहून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. पांढऱ्या चित्राचा फोटो, बॅटरीच्या उजेडातला व्हिडिओ आणि जॉबशीट असं सगळं जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. १९ दिवसांनी एलईडी पट्ट्या बदलून मिळाल्या, फुकट. पट्ट्या बदलताना डिफ्यूझरचे (उजेड पसरवणारे) पातळ थर काढावे लागतात. ते परत बसवताना आत धूळ गेली की कायमचा ठिपका. मला एक मिळालाय, उजव्या कोपऱ्यात. चित्रात दिसत नाही, म्हणून सोडून दिलं.

एलईडी मरायला उष्णता हे मोठं कारण. दुकानातून येतो तसा 'व्हिव्हिड', बॅकलाइट १०० ठेवून महिनोन्‌महिने चालवू नका. पालीचंही बघा: टीव्हीच्या उबेला त्या मागच्या जाळीतून आत शिरतात, पॉवर बोर्डवर शॉर्ट होतात, आणि त्याला वॉरंटी सहसा नसते. जाळीवर मच्छरदाणीचं बारीक कापड चारही बाजूंनी टेपने लावलं तर हवा खेळते, पाल अडते. मे अखेर आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलही काढा. विजेची लाट बऱ्याचदा तिथूनच येते आणि एचडीएमआय पोर्ट घेऊन जाते. स्टॅबिलायझर त्यात काही करत नाही. टीव्हीचा पुरवठा तसाही १०० ते २४० व्होल्टवर चालतो, ते दोन हजार वाचवा.

एलईडी पट्ट्या नव्या आल्यावर झोन जरा जास्तच उजळ झालेत. सबटायटलचा राखाडी आणखी एक पायरी खाली नेलाय, आता तीन मीटरवरून वाचायला डोळे बारीक करावे लागतात. सबटायटलची काळी पट्टी मात्र अजून पेटते.