एसी सारखा कट होतो: गॅस गेजवर भरावा की तोलून?

एसी चालू असताना बॉनेटखालून दर आठ-दहा सेकंदांनी 'टक्' असा, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याचा आवाज येऊ लागला की साताऱ्यात पोवई नाक्याकडे गाडी न्या किंवा महामार्गालगतच्या गॅरेजात, पर्याय बहुधा दोनच सांगितले जातात. एक, गेज (दाब दाखवणारा मीटर) लावून कमी पडलेला गॅस भरणे. दुसरा, उरलेला गॅस काढून, व्हॅक्यूम करून (पंपाने आतली हवा ओढून घेऊन), नवा गॅस तोलून भरणे. पहिले काम अर्ध्या तासात आणि कमी पैशांत होते, दुसऱ्याला निम्मा दिवस मोडतो.

परंतु निवड करण्याआधी गॅस खरोखर कमी आहे का, हे पाहिले पाहिजे. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर चालू होताच खालचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा, दाब घसरतो, प्रेशर स्विच त्याला थांबवतो, थांबल्यावर दाब पुन्हा वाढतो आणि हेच चक्र चालू राहते. याउलट कंडेन्सरचा (गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा बंद असेल किंवा ती जाळी तुंबली असेल, तर कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब साधारण ३० बारपर्यंत चढल्यामुळे कॉम्प्रेसर कट होतो. अशा गाडीत आणखी गॅस भरणे म्हणजे दुखणे वाढवणे. सिग्नलला गारवा जातो आणि महामार्गावर परत येतो, ही याची ठळक खूण. गेल्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरून माझ्या गाडीची जाळी पाचटाच्या भुशाने भरली होती. पंख्यापासून हात लांब ठेवून तिच्यावर दोन तांबे पाणी ओतले, तेव्हा कॉम्प्रेसर सलग चालू लागला. गॅसची गरजच नव्हती.

गॅस कमी असल्याची खात्री पटली, तर माझा कौल तोलून भरण्याला आहे. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए गॅसचा दाब सुमारे ९५ पीएसआय (साधारण साडेसहा बार) दिसतो आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी तो तेवढाच राहतो. म्हणजे १५० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम यांतला फरक गेजला कळत नाही. चालू इंजिनावरचे आकडेही हवा आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे बदलतात. लहान गाडीत एकूण गॅसच साधारण ३५० ते ५०० ग्रॅम बसत असल्याने शंभर ग्रॅमची चूक मोठी ठरते. नेमके वजन बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असते. शिवाय व्हॅक्यूममुळे आतली हवा आणि ओल निघते. मात्र त्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांना साबणाचे पाणी लावून गळती शोधायला सांगावे. तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली, तर संशय तिथेच घ्यावा.

गेजवरचा टॉप-अप तेव्हाच करावा, जेव्हा गारवा वर्षानुवर्षे हळूहळू उतरला असेल आणि उद्याच प्रवासाला निघायचे असेल. काही महिन्यांत तोच आवाज परत आला, तर ती गळतीच समजावी. पावसाळ्यात महाबळेश्वरला जाताना एसी अधूनमधून कट झाला, तर मात्र गॅरेज गाठू नये: थंड हवेत कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो, आणि ते त्याचे कामच आहे.