आठ अमावस्या, आठ भयपट: संच संपवल्यावरचा अनुभव

युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या जुन्या भयपटांचा आठ सिनेमांचा ब्लू-रे संच गेल्या आषाढात घेतला. प्लेअर लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड मिळाला. संच बाहेरून मागवलेला; कुरिअरवाल्याने खोक्याचा कोपरा चेपूनच हातात दिला, पण डिस्क शाबूत होत्या. आईने आणि मी ठरवलं, एका आठवड्यात फडशा पाडायचा नाही. दर अमावस्येला एक, आणि सिनेमे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. माघ सरला, संच संपला, म्हणून आता लिहितेय.

दीप अमावस्येला ‘ड्रॅक्युला’ (1931). गिरगावात धो धो पाऊस. नामावलीला ‘स्वान लेक’ची धून वाजते आणि पुढे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी मेणबत्ती घेऊन जिन्यावर उभा राहतो, तेव्हा खोलीत आवाज होता तो फक्त आमच्या पागोळ्यांचा. त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचे दोन बारीक झोत टाकलेत, बाकी चेहरा अंधारात. आई मालवणच्या देवचाराच्या गोष्टींवर वाढलेली, सहसा घाबरत नाही. ती उठून गॅलरीचं दार लावून आली.

त्याच डिस्कवर स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ही आहे. दिवसा इंग्रजीवाल्यांचं शूटिंग व्हायचं आणि रात्री त्याच सेटवर दुसरे नट, दुसरा दिग्दर्शक हाच सिनेमा स्पॅनिशमध्ये करायचे. दुसऱ्या रात्री आम्ही तो लावला. तोच जिना, तीच भलीमोठी जळमटं, पण कॅमेरा जास्त हिंडतो आणि माणसं जास्त जिवंत वाटतात. लुगोसीची सर मात्र त्यातल्या ड्रॅक्युलाला नाही. संच घेतलात तर हे दोन्ही लागोपाठ बघाच. माझ्या मते निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

पिठोरीला ‘फ्रँकेन्स्टाइन’. सुरुवातीला राक्षसाच्या नावापुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. तो बोरिस कार्लोफ. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यात सोडतात, ती तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून टाकतो, तीही तरंगेल असं समजून. हा तुकडा कित्येक वर्षं कापलेला होता. या डिस्कवर पूर्ण आहे. कापलेल्या प्रतीत तो मुलीकडे हात नेतो आणि दृश्य तुटतं, म्हणजे बघणारा भलतंच काहीतरी कल्पणार. पूर्ण बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची भांबावलेली भीती दिसते. आई हळूच म्हणाली, ‘‘अरे बाबा, कुणी शिकवलंच नाही ना तुला.’’

सर्वपित्रीला ‘द ममी’ आला, हा निव्वळ योगायोग. सिनेमा संथ आहे, पण कार्लोफचा सुरकुतलेला चेहरा विसरता येत नाही. ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लक्ष्मीपूजनाला, फटाक्यांमुळे आवाज मोठा करून. 1933 साली माणूस अदृश्य दाखवायला संगणक नव्हता. काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर काळ्या मखमलीनेच झाकलेला माणूस चित्रित करून ते दृश्य दुसऱ्यावर चढवलंय. पट्ट्या सुटतात आणि आत डोकंच नसतं, ते आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिलं.

कार्तिकातला ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (1935) सगळ्यात सरस. आंधळा म्हातारा राक्षसाला जेवू घालतो, तिथे आम्ही दोघीही रडलो.

माणसाचा लांडगा होतो त्या ‘द वुल्फ मॅन’साठी नियम मोडून मुद्दाम मार्गशीर्षातली पौर्णिमा धरली. आणि बघते तर 1941 च्या या सिनेमात लांडगा होण्यासाठी पौर्णिमेची अटच नाही. ती पुढच्या, 1943 च्या भागात आली. रंगीत ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ देखणा आहे, पण गाणी जास्त, भीती कमी. ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (1954) मूळ थ्रीडी, आम्ही साध्या टीव्हीवर पाहिला. पाण्याखालची दृश्यं तरीही सुरेख.

मराठी सबटायटल्स नाहीत, आईला इंग्रजीवर भागवावं लागलं. मात्र बहुतेक सिनेमे सव्वा तासाच्या आसपास संपतात, त्यामुळे जेवणं आटोपून बसलं तरी जागरण होत नाही.

फाल्गुनातल्या अमावस्येला पुन्हा पहिली डिस्क लागणार. आईची अट एकच, या वेळी आधी स्पॅनिश.