टाकीवरचा चरा आणि टच-अप किट, तीन महिने वापरून

पार्किंगमधून गाडी काढताना कोणीतरी आपलं हँडल माझ्या बाइकच्या टाकीला घासत नेलं आणि नऊ वर्षं जपलेल्या गाडीवर वीतभर चरा उमटला, वर झाकणाजवळ नखाएवढा टवका उडून आतला पत्रा दिसायला लागला. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. आख्खी टाकी रंगवायची तर कंपनीचा मूळ रंग जाणार, त्यासोबत क्लिअर कोटखालचे (रंगावरच्या पारदर्शक थराखालचे) ग्राफिक्सपण जाणार, आणि तेच तर मला नको होतं. म्हणून आधी हे किट मागवलं. रंगाचं पेन, क्लिअर कोटचं पेन, रबिंग कंपाउंडची (घासून ओरखडे काढायच्या पेस्टची) ट्यूब आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर), एवढंच येतं.

यातलं कंपाउंड एक नंबर आहे. चऱ्यावरून नख आडवं फिरवून बघा, अडकलं नाही तर ओरखडा फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये आहे आणि तो कंपाउंडने निघतो. माझा अर्ध्याहून जास्त चरा असाच गेला, मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटं, बस. फक्त आधी गाडी नीट धुवा, धुळीचा एक कण जरी कापडाखाली राहिला तरी नवीन ओरखडे पडतात. आणि हौसेने रोज घासू नका, क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाएवढा, आणि कंपाउंड घासतं तोच थर. टाकीच्या धारेवर तर तो आणखी पातळ असतो, तिथे मी वॉटर पेपर लावलाच नाही. मॅट रंगाची गाडी असेल तर कंपाउंड अजिबात नको, घासलेली जागा चमकायला लागते आणि मग ती परत मॅट होत नाही.

आता रंगाचं पेन. कलर कोड माझ्या गाडीत सीटखालच्या स्टिकरवर मिळाला, शेड बरोबर आली. पण रंग मेटॅलिक असल्यामुळे ब्रशने लावल्यावर त्यातली चमकी कंपनीच्या स्प्रेसारखी बसत नाही, तिरप्या उन्हात ठिपका थोडा गडद दिसतोच, समोरून नाही कळत. पेनचा ब्रश जाड आहे, मी टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब सोडला, आधी गंज खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, उघड्या पत्र्यावर थोडा प्रायमर लावून (तो किटमध्ये नाही, द्यायला हवा होता). एकदम जाड थर दिला तर मध्ये सुरकुततो, म्हणून पातळ तीन थर आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड गेलं मला.

तक्रार आहे ती क्लिअर कोटची. पंधरा दिवसांनी पेट्रोल भरताना दोन थेंब ओघळले आणि झाकणाजवळचा ठिपका मऊ, चिकट झाला, पुसायला गेलो तर रंग कापडावर. इतका जीव लावून केलेलं काम होतं, फार वाईट वाटलं. हे पेन हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसलेलं आहे, म्हणजे नुसतं सुकतं, टू-के म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या क्लिअरसारखं पक्कं होत नाही, त्यामुळे पेट्रोलपुढे टिकत नाही. टाकीसाठी म्हणून विकता तर हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे ना! टू-के पेट्रोलला टिकतं पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, स्प्रे करताना ते फुफ्फुसांना घातक आहे, साध्या कापडी मास्कवर घरी मारायच्या भानगडीत पडू नका.

मडगार्ड, साइड पॅनल, टाकीचा खालचा भाग यासाठी किट घ्या, पैसे वसूल आहेत, माझ्या मडगार्डवरचे खड्यांचे टवके आजही तसेच बुजलेले आहेत आणि गंज परत आलेला नाही. झाकणाजवळचा ठिपका मात्र मी पेंटरकडून तेवढाच टू-के मारून घेणार आहे, तोपर्यंत टाकी भरताना नोझलखाली कापड धरतो.