खाणीतलं आणीबाणीचं पाणी: पिंप की पाऊच?

इंदुरात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे पिंप भरून ठेवणं आपल्या अंगवळणी पडलेलं. भूमिगत कोळसा खाणीतल्या आसऱ्याच्या खोलीत, म्हणजे अपघातानंतर बाहेर पडता आलं नाही तर कामगार जिथे थांबतात तिथे, मात्र मी पाऊचच ठेवीन. अमेरिकी नियमाप्रमाणे तिथे माणशी रोज सुमारे २.१३ लिटर, असं ९६ तासांचं पाणी लागतं. पिंप स्वस्त, भरायलाही सोपं. पण क्लोरीन उडतं, पाणी वरचेवर बदलावं लागतं, आणि एकाचा कोळशाने माखलेला मग आत बुडाला की सगळ्यांचंच पाणी खराब. १२५ मिलीचे सीलबंद पाऊच माणशी ६९ लागतात. खर्च जास्त, कचराही होतो. तरी अंधारातसुद्धा वाटणी चोख होते, आणि एक फुटला तर तेवढाच वाया. पाकिटावरची मुदत तेवढी तपासत राहायची.