तांब्या-पितळेचं दुकान ऑनलाईन आणलं, त्याचा जवळपास वर्षभराचा अनुभव

आमचं पुण्यात कसबा पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे आणि मागे कल्हईची भट्टी, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर द्यायची. सासऱ्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. मागच्या दिवाळीनंतर दुकानाचं ऑनलाईनचं सगळं काम मी हातात घेतलं आणि आता पुढची दिवाळी तोंडावर आलीये. मंडईत, लग्नात, कुठेही भेटले की ओळखीचे दुकानदार विचारतात की यातलं नक्की काय चालतं, रील का ब्लॉग का जाहिरात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते, कारण या विषयावर नेटवर जे सापडतं ते बहुतेक कोर्स विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं.

सगळ्यात आधी गूगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गूगल सर्चमध्ये आणि मॅपवर दुकानाचा पत्ता, वेळ, फोटो दिसतात ते. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. पूर्ण फुकट आहे. आणि खरं सांगते, दुकानात जे नवीन गिऱ्हाईक आलं त्यातलं सगळ्यात जास्त इथूनच आलं. कारण साधं आहे, इन्स्टाग्रामवर माणूस टाइमपास करत असतो आणि गूगलवर 'कल्हई जवळपास' टाकणारा माणूस हातात पातेलं घेऊन बसलेला असतो. त्याला आत्ता दुकान हवंय. तो वाकडहून, हडपसरहून पेठेत यायला तयार असतो, फक्त दुकान उघडं आहे का आणि गाडी कुठे लावायची एवढं त्याला कळलं पाहिजे.

व्हेरिफिकेशनला आम्हाला व्हिडिओ मागितला. एकाच सलग व्हिडिओत रस्ता, दुकानाची पाटी आणि आतलं काम दाखवायचं असतं, मध्ये कट चालत नाही. पाटीवरचं नाव आणि प्रोफाईलमधलं नाव तंतोतंत एकच ठेवा, 'पुण्यातील सर्वोत्तम' वगैरे नावात घुसडू नका, त्यावरून प्रोफाईल सस्पेंड होतं. मग फोटो टाका, सेवांमध्ये कल्हई, पॉलिश, डाग काढणं असं वेगवेगळं लिहा, आणि सणाच्या वेळा न चुकता बदला. गणपतीत आमच्याकडचे रस्ते बंद असतात, विसर्जनाच्या दिवशी तर गाडी येऊच शकत नाही, ते प्रोफाईलवर दिसलं नाही तर बिचारा माणूस लांबून येऊन परत जातो आणि रागाने एक स्टार देऊन मोकळा होतो. आणि हो, 'गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल' असे फोन येतात ना, ते सरळ कट करा. गूगल लिस्टिंगसाठी पैसे घेत नाही.

रिव्ह्यूबद्दल. काउंटरवर क्यूआर कोड लावलाय, भांडं परत देताना नवरा एवढंच म्हणतो, 'काकू, काम आवडलं तर दोन ओळी लिहा.' बस. एका एजन्सीवाल्याने रिव्ह्यू विकत द्यायची तयारी दाखवली होती, तेव्हा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंसुद्धा गूगलच्या नियमात बसत नाही. मला स्वतःला वाईट रिव्ह्यूला दिलेलं नीट उत्तर दहा चांगल्या रिव्ह्यूंपेक्षा मोलाचं वाटतं. एका बाईंनी लिहिलं होतं की कल्हई लवकर गेली. मी वाद न घालता लिहिलं की तारेच्या घासणीने घासली किंवा भांडं रिकामं तापलं की कथील निघतं, तुम्ही भांडं घेऊन या, बघू. त्या आल्या, आणि ते उत्तर वाचून आलेले इतरही भेटले.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे दुसरं. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, आम्हाला त्याच्या निम्म्यासुद्धा लागत नाहीत. खरा उपयोग क्विक रिप्लायचा. पत्ता, वेळ, 'भांड्याचा आतून एक फोटो आणि तोंडाचं माप इंचात पाठवा' हे तिन्ही तयार ठेवलेत, एक शॉर्टकट टाकला की जातं. फोटो आला की बाबा चष्मा लावून बघतात आणि साधारण भाव सांगतात, माणूस दुकानात येण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं. ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याचं, मात्र नीट समजून घ्या: एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून नंबर गोळा करण्यापेक्षा लोकांना आपला नंबर सेव्ह करायला लावणं महत्त्वाचं. पावतीवर नंबर मोठ्ठा छापा. अनोळखी लोकांना रोज सुप्रभात पाठवलं तर ते रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडू शकतो.

आता व्हिडिओ, ज्यात माझा जीव सगळ्यात जास्त रमतो.

कल्हई हे काम कॅमेऱ्यासाठीच जन्माला आलंय असं मला वाटतं. भांडं भट्टीवर तापतं, नवसागराची पूड पडते, भसकन पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवली की २३२ अंशाला ते वितळून पाण्यासारखं पळायला लागतं आणि बाबा कापसाचा बोळा असा एक गोल फिरवतात की काळंकुट्ट पातेलं आतून लख्ख पांढरं! हा क्षण तीनेक सेकंदांचा असतो. तो पकडायचा तर भट्टीचा उजेड आणि दुकानातला अंधार या दोन्हीत फोन गोंधळतो, त्यामुळे स्क्रीनवर भांड्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायचा, मगच शूट. मोबाईल स्टँड, एक छोटा कॉलर माईक, एवढंच सामान आहे.

आवाज मूळचाच ठेवा. एकतर बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी मिळत नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो. आणि दुसरं म्हणजे मठारकामाचा, म्हणजे भांडं हातोडीने ठोकण्याचा, ठोका, भात्याचा आवाज, हे लोकांना फार आवडतं, आमच्या ज्या रीलला सगळ्यात जास्त लोकांनी शेअर केलं तिच्यात एक शब्दही बोललेला नाही.

पण व्ह्यूज आणि गल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट लक्षात ठेवा. रील चालली की देशभरातून 'प्राइस प्लीज' येतं, त्यातले बरेच जण उत्तर दिल्यावर बोलत नाहीत. कल्हईसाठी कोणी पाटण्याहून पुण्याला येणार नाही. रील्समुळे ओळख वाढते, आणि जो माणूस आधी गूगलवर आपल्याला शोधतो तो मग रील बघतो आणि त्याचा विश्वास बसतो, असा माझा अनुभव. म्हणून मी पहिल्या काही सेकंदांत 'पुणे, कसबा पेठ' हे स्क्रीनवर टाकतेच.

यूट्यूबवर मी लांब व्हिडिओही टाकते आणि शॉर्ट्सही. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, ऑक्टोबर २०२४ पासून. फक्त त्याच्या खाली दिलेली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे फोन नंबर बोलून सांगावा लागतो किंवा स्क्रीनवर दाखवावा लागतो. लांब व्हिडिओ मात्र मुरतात. 'कल्हई गेली हे कसं ओळखायचं' हा व्हिडिओ टाकला तेव्हा कोणी बघितला नाही, आता रोज थोडे थोडे लोक बघतात, आणि दुकानात येऊन 'तुमचा तो व्हिडिओ' म्हणतात.

फेसबुक संपलं असं तरुण मुलं म्हणतात. त्यांनी कल्हईच्या दुकानात एक दिवस बसावं! ज्यांच्याकडे आईची, सासूची पितळी भांडी आहेत त्या पन्नाशीच्या पुढच्या बायका तिथेच आहेत, आणि जुन्या पुण्याच्या आठवणींच्या ग्रुपात बाबांचा भट्टीवरचा फोटो टाकला, अर्थात ॲडमिनला विचारून, तर नुसत्या गप्पांतून गिऱ्हाईक आलं.

जाहिरातीवर आम्ही फक्त धनत्रयोदशी आणि पाडव्याच्या आधी पैसे घालतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्टखालचं साधं बूस्टचं बटण दाबण्यापेक्षा त्यांच्याच अॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन दुकानाभोवतीचं अंतर ठरवा, नाहीतर जाहिरात कुठेही फिरते. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून बजेट करा आणि जीएसटी नंबर असेल तर अकाउंटमध्ये आधीच भरा.

ब्लॉगवर सगळे हसतात. मी स्वतःचं डोमेन घेऊन मराठीत लिहिते, कारण गूगल प्रोफाईलबरोबर जी फुकट वेबसाईट मिळायची ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. विषय शोधावे लागत नाहीत, कमेंटमधले प्रश्न हेच विषय. 'पितळेचं पातेलं इंडक्शनवर चालेल का?' साध्या इंडक्शनवर नाही चालत, त्याला चुंबक चिकटेल असा तळ लागतो. 'तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर?' नका ठेवू, आंबटाशी तांब्याची रिअॅक्शन होते, म्हणून तर कल्हई असते. अशी उत्तरं स्वतःच्या फोटोंसकट लिहायची. पहिले काही महिने अगदी शुकशुकाट होता. सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन ब्लॉगला जोडलं की लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात ते दिसतं, आणि मग पुढचा लेख कशावर लिहायचा ते आपोआप कळतं. मराठीत या विषयावर लिहिणारे इतके कमी आहेत की जागा मोकळी पडलीये.

एजन्सीला काम द्यावं का, हे सगळे विचारतात. आमच्याआधी एकांनी दिलं होतं, त्यांच्या पेजवर प्रत्येक सणाला शुभेच्छांचं चित्र, कोपऱ्यात लोगो, आणि दुकानातलं एक भांडं नाही. एडिटिंग बाहेरून करून घ्या, हरकत नाही. पण शूट आणि उत्तरं घरच्याच माणसाने द्यावीत, कारण गिऱ्हाईक विचारतं ते कथलाबद्दल, आणि ते बाबांनाच माहितीये.

सध्या दिवाळीचं काम सुरू झालंय. या वर्षी मी पातेल्यांच्या कामाची शेवटची तारीख प्रोफाईल, स्टेटस आणि फेसबुक, तिन्हीकडे आधीच टाकलीये, म्हणजे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कोणाला नाही म्हणायला लागू नये.