जन्मदेशात शिकवायला पाठवणारी सेवा : पाचपैकी साडेतीन

मी दत्तक, वाढले परदेशात, मराठी घरात. जन्मदेशात तात्पुरतं शिकवायला या संस्थेमार्फत गेले. वर्गाची तयारी झकास करून घेतात: सोबतीला स्थानिक शिक्षिका, आणि सुरुवातीला नुसतं मागच्या बाकावर बसून बघायचं. पण माझा चेहरा तिथलाच, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत ‘आईवडील कुठले?’ हे रोजचंच. त्याबद्दल प्रशिक्षणात चकार शब्द नाही. वेळापत्रकही सोमवार ते शुक्रवार गच्च. दत्तकाच्या नोंदींची कार्यालयं नेमकी तेव्हाच उघडी! देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या १९९३च्या हेग करारानुसार मुलाच्या मूळची माहिती जपणं यंत्रणेवर बंधनकारक आहे, ती दाखवणं मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर. तेव्हा आपल्या नोंदी बघायच्या असतील तर त्यासाठीचा अर्ज प्रवासाला निघण्याआधीच टाका आणि आठवड्यातला एक दिवस मोकळा, असं संस्थेकडून लिहून घ्या, तोंडी नको.