१०८ रुग्णवाहिका सेवा : एका आईचा अभिप्राय

१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा विषय निघाला, की गाडी किती मिनिटांत आली एवढेच आपल्याकडे विचारले जाते. माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या अपघातात ही सेवा अगदी जवळून पाहिल्यानंतर, गाडी आल्यावर रस्त्यावर काय केले गेले हेही तितक्याच आस्थेने विचारायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाबाहेर, शिकवणीहून सायकलवर परतत असताना, मागून आलेल्या मोटारसायकलीने तिला धडक दिली. मी पोहोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला पडलेली होती, डावी मांडी सुजून वाकडी दिसत होती आणि जमलेली माणसे तिला उचलून जीपमध्ये घालण्याच्या तयारीत होती. समोरच्या किराणा दुकानदारांनी तोवर १०८ ला फोन लावला होता. पुण्याच्या नियंत्रण कक्षातून तालुका, रस्ता, जवळची खूण, मुलगी शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, असे एकेक विचारून घेतले गेले आणि तिला जागची हलवू नका, असे बजावण्यात आले. "वहिनी, डॉक्टर गाडीतूनच येतायत, तोवर कुणाला हात लावू देऊ नका," असे ते दुकानदार मला म्हणाले आणि स्वतः जीपच्या आडवे उभे राहिले. गाडी यायला पंधरा-वीस मिनिटे लागली असावीत. तेवढा वेळ जीव टांगणीला लागला होता, हे खरे आहे.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या या सेवेत गाडीबरोबर डॉक्टर असतो, आणि माझ्या मते तिचे खरे बळ त्यातच आहे. आलेले डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी गर्दी मागे सारली, गुडघे टेकून मुलीचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरले आणि मगच तिच्याशी बोलायला सुरुवात केली. डोळ्यांत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहिला, पोट दाबून पाहिले, डाव्या पावलावरची नाडी चाचपली, अंगठ्याचे नख दाबून सोडले आणि रंग परत येतो का ते पाहिले. मांडी मोडलेली असताना पायाचा रक्तपुरवठा चालू आहे की नाही, हे त्यावरून कळते, असे त्यांनी पुढे गाडीत मला समजावले. मांडीचे हाड मोडले की आतल्या आत बराच रक्तस्राव होऊ शकतो आणि पाय आधाराविना हलला तर तुटलेली टोके आतील रक्तवाहिन्यांना व नसांना इजा करू शकतात. जीपच्या मागच्या बाकावर, खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचे काय झाले असते, याचा विचारही मला करवत नाही.

पायाला स्प्लिंट, म्हणजे मोडलेले हाड हलू नये म्हणून द्यायचा आधार, बांधून झाल्यावर मधोमध उघडणाऱ्या स्ट्रेचरचे दोन भाग त्यांनी दोन्ही बाजूंनी तिच्या अंगाखाली सरकवले आणि जोडले, त्यामुळे तिला उचलून ठेवावे लागलेच नाही. कोणीतरी मायेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा "ताई, ऑपरेशन करावे लागू शकते, तोंडाने काही देऊ नका," असे सांगून त्यांनी तो थांबवला. वाटेत ते तिला नाव, इयत्ता, मैत्रिणीचे नाव असे तेच तेच विचारत राहिले. ती वैतागून उत्तरे देत होती आणि ते समाधानाने मान डोलवत होते, कारण डोक्याला मार लागलेला असेल तर मूल गुंगीत जाऊ लागल्याचे अशा उत्तरांतूनच लवकर लक्षात येते. पायलट, म्हणजे गाडीचे चालक, खड्डा आला की आधी ओरडून सांगत होते. उपजिल्हा रुग्णालयात तेथील डॉक्टरांना सर्व नोंदी तोंडी व कागदावर देऊनच ते दोघे निघाले. एक रुपयाही कोणी मागितला नाही.

पुढे शस्त्रक्रियेसाठी नातेवाइकांच्या आग्रहावरून आम्ही एका खासगी रुग्णालयात गेलो, तेही एका खासगी रुग्णवाहिकेतून. त्या गाडीत स्ट्रेचर आणि चालक यांखेरीज कोणीही नव्हते, पैसे मात्र निघण्यापूर्वीच घेतले गेले. रुग्णालयाच्या दारात आधी अनामत रक्कम आणि पोलिसांचा कागद मागण्यात आला. जखमी माणसावर आधी उपचार करावेत, कायदेशीर सोपस्कार नंतर पाहावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावले आहे. कळवळणाऱ्या लेकराच्या आईला हे दारात उभे राहून सांगावे लागते, याचा मला आजही संताप येतो. १०८ च्या डॉक्टरांनी बांधलेले स्प्लिंट त्या संपूर्ण प्रवासात पायाला होते, म्हणूनच ती तो प्रवास सोसू शकली.

फोन करण्याविषयी थोडे लिहिते, कारण गर्दीतील अनेकांना पोलिसांच्या चौकशीची धास्ती होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ए नुसार, सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि त्याच्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. फोन करताना गावाबरोबर तालुका आणि ठळक खूण सांगावी, ज्या मोबाइलवरून फोन केला तो मोकळा ठेवावा आणि एका माणसाला मुख्य रस्त्यावर उभे करावे. गाडीतील नोंदीची प्रत किंवा क्रमांक त्याच दिवशी मागून ठेवावा. अपघाताची वेळ व ठिकाण दाखवणारा तो सर्वांत पहिला कागद असतो, आणि पोलीस ठाण्यात व पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात आम्हाला त्याचा फार उपयोग झाला.